मांजराचं पिल्लू घरी आणण्याआधी

सगळ्यात आधी खिडक्या. पिल्लांना घर मिळवून देणाऱ्या कुठल्याही संस्थेला फोन करा, नाव-पत्ता झाला की जाळीचा प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा. ग्रिल आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दोन गजांमधून पिल्लाचं डोकं गेलं की मागोमाग अख्खं पिल्लू जातं. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असेल तर कोपऱ्यांपाशी आणि दोन हुकांच्या मधे मूठ दाबून बघा. कडेने मूठ बाहेर निघाली तर पिल्लूही निघणार. नायलॉन मांजराला दातांनी तोडता येतं, म्हणून ज्या खिडकीत ते बसणार तिथे बारीक तारेची जाळी मारून घ्या. बाथरूममधली काचेच्या पट्ट्यांची खिडकी हमखास राहून जाते, तीही बघा. हे काम संस्थेकडे पिल्लासाठी फॉर्म भरायच्या आधीच उरका, कारण पिल्लू आल्यावर जाळीवाल्याची वाट बघत दिवसभर खिडक्या बंद ठेवणं कुणालाच जमत नाही.

घरातल्या प्रत्येकाला विचारून घ्या, सासू-सासऱ्यांना आणि मुलांनाही. कुणाला मांजराची ॲलर्जी असेल तर ते आत्ता कळू दे. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यांची एक प्रत जवळ असू द्या.

आता संस्थेविषयी. मुंबईत १८७४ पासूनची बॉम्बे एसपीसीए ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था आहे, परळचं बैलघोडा हॉस्पिटल तिचंच. पण पिल्लांचं बरंचसं काम कुठल्या मोठ्या इमारतीत होत नाही, ते स्वयंसेवकांच्या घरात होतं. अशा स्वयंसेवकाला फॉस्टर म्हणतात, आणि पिल्लं घरात ठेवण्यामागे कारण आहे. लस न झालेली पिल्लं एकत्र ठेवली आणि एकाला पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला तर अख्खी खोली आजारी पडते. शिवाय चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. आई नसलेल्या अगदी कोवळ्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने दूध द्यावं लागतं. प्रत्येक वेळी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हाताने फिरवून शी-शू करवावी लागते, कारण एरवी आई जे चाटून करते ते त्याला एकट्याने जमत नाही. रोज वजन करायचं, वाढ थांबली की डॉक्टर गाठायचा. इतकं करून जगवलेलं पिल्लू देताना कुणी घराचा व्हिडिओ मागितला, घरी येऊन बघितलं, ओळखपत्राची प्रत आणि करारावर सही घेतली, तर राग मानू नका. मला तर काहीच न विचारता पिल्लू हातात ठेवणाऱ्यांची जास्त काळजी वाटते.

तुम्हीही विचारा. वय आठ आठवडे पूर्ण आहे का, जंतांचं औषध कधी दिलं, ट्रायकॅटचा, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस झाला का, पुढचा कधी, रेबीजची लस कधी. लसीकरणाचं कार्ड हातात घ्या. आणि तुमच्या घरी गेल्या वर्षभरात एखादं पिल्लू पॅनल्युकोपेनियाने गेलं असेल तर ते स्पष्ट सांगा. तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. दिवसभर घर रिकामं असतं? मग दोन भावंडं एकत्र घ्या. एकमेकांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे ती एकमेकांकडून शिकतात.

खाण्याबाबत मन पक्कं करा. मांजर दूध-पोळीवर वाढत नाही. गाईच्या दुधाने पिल्लांना बऱ्याचदा जुलाब होतात, आणि मांजराला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातून किंवा मांजरांसाठी बनवलेल्या खाद्यातूनच मिळतं. शाकाहारी घरात कॅट फूडचं पाकीट चालणार असेल तर प्रश्न मिटला. तेही चालणार नसेल, तर मांजर घेऊ नका.

फरशी पुसायचं फिनेल बदला, ते मांजरांना बाधतं. लिलीची फुलं घरात आणू नका, तिचे परागकणसुद्धा मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तेव्हा औषधांचा डबा कपाटात. कुत्र्यांची गोचीड-पावडरही लावायची नाही.

सामान थोडकंच लागतं: दार घट्ट लागणारी बास्केट, कमी उंचीचा ट्रे, फॉस्टरच्या घरी वापरतात तीच वाळू आणि तेच खाणं. फॉस्टरकडून पिल्लाच्या अंथरुणातलं एखादं फडकं मागून घ्या, ओळखीच्या वासाने पिल्लू लवकर रुळतं. पहिले काही दिवस एकच खोली द्या. पलंगाखाली दडून बसलं तर ओढून काढू नका. वॉशिंग मशीन लावण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघा.

डॉक्टर आधीच ठरवून ठेवा, रात्री उघडा असणारा दवाखानाही. नसबंदीची तारीख पहिल्याच भेटीत विचारा. भाटी, म्हणजे मादी मांजर, चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, म्हणून करारात नसबंदीची अट असते आणि संस्था नंतर फोन करून विचारते. बऱ्याच संस्था सवलतीत करून देतात, फॉर्म भरतानाच नाव नोंदवून टाका.