वाळूवरून कॉलेजच्या मैदानावर : बीच व्हॉलीबॉल खेळून कोच होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

दर जूनमध्ये मला फोन येतात. बहुतेक मुलींचे, कधी त्यांच्या वडिलांचे. प्रश्न एकच असतो, "मॅडम, मी स्टेट खेळलेय. कॉलेजात कोच व्हायचंय. एनआयएस करू का?" एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा. फोनवर घाईघाईत सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. खेळ तुम्हाला येतो हे धरूनच चालले आहे.

मी निफाड तालुक्यातली. घरची द्राक्षबाग. शाळेत आठवीपासून व्हॉलीबॉल, सहा जणींच्या टीममध्ये लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी. उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे ब्लॉकला मला कुणी उभं करत नसे. मग बीच व्हॉलीबॉलकडे, म्हणजे वाळूवरच्या खेळाकडे वळले. बीचवर दोघीच असतात, बदली खेळाडू नसते. सर्व्हिस घ्या, लिफ्ट करा, स्मॅश मारा, सगळं दोघींनीच. तिथे माझी पासिंग आणि बॉल कुठे पडणार हे आधी ओळखायची सवय उपयोगी पडली. नाशिकला समुद्र नाही. आमचं ग्राउंड म्हणजे मळ्याच्या कडेला टाकलेली नदीची वाळू. डिसेंबरात निफाडचा पारा एक आकडी होतो, पहाटे सहाला त्या वाळूत अनवाणी पाय टाकला की घोट्यापर्यंत बधिर व्हायचं. एप्रिलात त्याच वाळूवर आधी पाइपने पाणी मारल्याशिवाय उभं राहता यायचं नाही. नऊ वर्षं खेळले. सव्विसाव्या वर्षी खांद्याने साथ सोडली आणि खेळ थांबला.

आता ज्या खड्ड्यात मी पडले, तो नीट समजून घ्या. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

मला एका ज्येष्ठ सरांनी सांगितलं होतं, "एनआयएसचा डिप्लोमा कर, कॉलेज तुला शोधत येईल." मी विश्वास ठेवला. घरून पैसे घेतले, वर्षभर राहून डिप्लोमा केला, चांगल्या गुणांनी केला. परत आले आणि एका कॉलेजच्या जाहिरातीला अर्ज टाकला. छाननीतच बाद. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते : शैक्षणिक पात्रता. माझं बी.कॉम. झालेलं होतं, वर डिप्लोमा, वर राज्य स्पर्धांचे दाखले. मला वाटलं त्यांचीच काहीतरी चूक झाली. चूक माझी होती.

'कोच' आणि 'शारीरिक शिक्षण संचालक' ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजात मंजूर पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. मुलं त्यांनाच स्पोर्ट्सचे सर किंवा मॅडम म्हणतात. हे पद प्राध्यापकांच्या बरोबरीचं. त्यासाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात पदव्युत्तर पदवी लागते, त्यात किमान ५५ टक्के, आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. शिवाय खेळल्याचा पुरावा, म्हणजे विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून, नाहीतर राज्य-राष्ट्रीय स्पर्धेत. शिवाय फिटनेस टेस्ट. नुसत्या एनआयएसच्या डिप्लोम्यावर हे पद मिळत नाही. पुन्हा लिहिते, नाही मिळत. कॉलेज तुम्हाला 'कोच' म्हणून घेऊ शकतं, पण ते मानधनावर, सीझनपुरतं. ऑगस्ट ते डिसेंबर काम, जानेवारीत घरी.

आणि शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एड., थेट करता येत नाही. आधी त्याच विषयातली बी.पी.एड. ही पदवी हवी. त्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मग दोन वर्षं. मग एम.पी.एड.ची सीईटी, परत दोन वर्षं. मग सेट. बी.कॉम.नंतर लगेच बी.पी.एड.ला गेले असते तर खेळतखेळतच ही चार वर्षं निघून गेली असती. बी.पी.एड.ला खेळणारीच मुलं लागतात, तिथे खेळ सुटत नाही. मी ते केलं नाही, कारण त्या सरांच्या मते "बी.पी.एड. म्हणजे पीटीचा मास्तर". मी अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्या वर्षाच्या बाकावर बसले, शेजारी एकवीस वर्षांची मुलं. सेट तिसऱ्या प्रयत्नात निघाली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मधली सगळी वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे. ते पैसे कधी वेळेवर आले, कधी सहा महिन्यांनी एकदम आले.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. चौतिसाव्या वर्षीही जमलं, हेही यातच आहे. तुम्ही आज एकवीस-बावीसच्या असाल तर तुमच्या हातात भरपूर वेळ आहे.

डिप्लोमा वाया गेला असंही समजू नका. शिकवायचं कसं हे मी तिथेच शिकले. वर्षाचं ट्रेनिंग आखायचं, कधी लोड चढवायचा, कधी उतरवायचा, हे बी.पी.एड.मध्ये तेवढ्या खोलात शिकवत नाहीत. साईसारख्या (भारतीय क्रीडा प्राधिकरण) ठिकाणी प्रशिक्षक व्हायचं असेल तर तिथे डिप्लोमाच बघतात. म्हणून आधी ठरवा, कॉलेज की अकादमी, आणि मग फी भरा.

दाखल्यांचं सांगायचं तर माझ्याकडे ट्रॉफ्यांनी भरलेलं एक कपाट आहे. गावोगावच्या ओपन स्पर्धा, डे-नाइट सामने, रोख बक्षिसं. त्यातली एकही ट्रॉफी छाननीत चालली नाही. चालले ते राज्य स्पर्धेचे दोन कागद आणि आंतरमहाविद्यालयीनचा एक. तो एक मिळवायला मी जुन्या कॉलेजात चार चकरा मारल्या, कारण आठ वर्षांपूर्वीचं रजिस्टर सापडत नव्हतं. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात दाखला घ्या, नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी ताडून पाहा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट आहे, पंचविसाच्या पुढे उतरता येत नाही. ती संधी गेली की गेली.

आता मैदानावरचं. इथेही मी चुकले, आणि त्याची किंमत दुसऱ्या मुलीने मोजली.

शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी माझ्याकडे इनडोअरची, म्हणजे नेहमीच्या सहा जणींच्या व्हॉलीबॉलची, टीम होती. एक डावखुरी मुलगी नेटवर फार हुशार. समोरचा ब्लॉक उंच दिसला की उघड्या बोटांनी बॉल अलगद मागे टाकायची. तिने असं केलं की मी फाउलची शिट्टी मारायची. बीचवर उघड्या बोटांनी ड्रॉप टाकणं फाउल आहे, तिथे पंजा मुडपून बोटांच्या सांध्यांनी नाहीतर कडक हाताने बॉल टाकावा लागतो. इनडोअरमध्ये तो शॉट चालतो, हे मला माहीत होतं. पण नऊ वर्षांची सवय शिट्टीत उतरली होती. मुलीने महिनाभरात तो शॉट सोडून दिला. विभागीय सामन्यात पाचव्या सेटला ती तीन वेळा दोन हातांच्या ब्लॉकवर सरळ मारत राहिली आणि तिन्ही बॉल तिच्याच पायाशी पडले. मागे अख्खं मैदान मोकळं होतं, नुसती बोटं टेकवायची होती. सामन्यानंतर मी विचारलं, "ड्रॉप का नाही टाकलास?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर शिट्टी मारता." त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून सीझन सुरू होण्याआधी मी दोन्ही खेळांचे फरक वहीत समोरासमोर लिहिते. बीचवर ब्लॉकला लागलेला बॉल पहिला टच धरतात, पुढे दोनच उरतात. इनडोअरला तो मोजत नाहीत. बीचचं कोर्ट १६ बाय ८, इनडोअरचं १८ बाय ९. बीचचा बॉल थोडा मोठा आणि हवेला बराच नरम, म्हणून तोच हात फिरवला तरी सर्व्हिस वेगळी जाते. बीचवर २१चे दोन सेट, बरोबरी झाली तर १५चा तिसरा, आणि दर सात गुणांनी (तिसऱ्या सेटला दर पाच) बाजू बदलायची, कारण वारा आणि ऊन एकाच टीमच्या वाट्याला येऊ नये. वाळूत खेळलेल्या मुलींना लगेच सिमेंटवर उड्या मारायला लावू नका. दोन-तीन आठवडे उड्या कमी ठेवा, नाहीतर नडगी आणि गुडघा धरतो.

कॉलेजात वाळूचं कोर्ट करायचं म्हटलं की प्राचार्य विचारतात, "खर्च किती?" उत्तर तयार ठेवा. १६ बाय ८ चं कोर्ट, चारही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळी जागा, म्हणजे २२ बाय १४. वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल. ही जवळपास ४३-४४ ब्रास होते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हा आकडा ऐकला की मीटिंग तिथेच संपते. मी १५ ब्रासवर सुरुवात केली, मधल्या भागात खोल आणि कडेला उथळ. सरावापुरतं ते चाललं. पण नदीची वाळू चाळल्याशिवाय मुलींना उतरवू नका. आम्ही बांधकामाची उभी चाळणी लावून आठवडाभर वाळू चाळली. त्यात खडे, शिंपल्यांचे तुकडे आणि एक फुटकी बाटली निघाली. त्या काचेवर कुणी डाइव्ह मारली असती तर?

मोबाइलवर 'तीस दिवसांत उडी वाढवा' असले व्हिडिओ बघून मुली येतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, असं काही नसतं. आणि मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम झालं आहे : जो खेळाडू तुम्हाला शिक्षण सोडून "फक्त खेळ" म्हणतो, त्याला लांबून नमस्कार करा. मला खरी वाट दाखवली ती कॉलेजच्या ऑफिसातल्या एका बाबूंनी. त्यांनी कधी बॉल हातात घेतला नव्हता, पण जाहिरात समोर ठेवून पात्रतेची ओळन् ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. असा माणूस शोधा, आणि जाहिरात दर वेळी नव्याने वाचा, नियम बदलत असतात.

फिटनेस टेस्टची भीती फार जणी घालून घेतात. महिलांना आठ मिनिटांत, तीस वर्षांपर्यंत १००० मीटर आणि चाळीसपर्यंत ८०० मीटर, चालत किंवा पळत. वाळूत खेळलेल्या पायांना हे अंतर काहीच नाही. मी महात्मानगरच्या मैदानावर रोज संध्याकाळी पळत होते. टेस्टच्या दिवशी पायात साधे जुनेच बूट घातले. नवे घालू नका, चावतात.

खेळाच्या संधी आता वाढल्या आहेत. १९९६ला बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा आमच्या गावात कुणाला पत्ताही नव्हता. २०२५च्या मे महिन्यात दीवला पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्स झाल्या आणि त्यात हा खेळ होता. यंदा माझ्याकडे एफ.वाय.ची एक जोडी आहे, एक सिन्नरची, एक दिंडोरीची. दोघींच्या दाखल्यांच्या फाइली मी पहिल्याच आठवड्यात उघडायला लावल्या आहेत. सिन्नरच्या मुलीच्या दाखल्यावर आडनाव चुकलंय, ते दुरुस्त करायला सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.