सफरचंद-नाशपाती साठवताना सड कशी टाळायची

पहिल्या वर्षी अर्धा क्रेट सफरचंदं फेकली आणि दोष खोलीला दिला. मग एक फळ हातात घेऊन नीट पाहिलं. फिकट तपकिरी, पाणचट गोल डाग, वर निळसर-हिरवी बुरशी आणि बरोबर मधोमध शेजारच्या फळाचा देठ टोचल्याचं बारीक भोक. चमचा लावला तर सडका भाग वाटीसारखा अलगद सुटून आला. ही पेनिसिलियम बुरशी. तिला आत शिरायला बहुतेक वेळा जखमच लागते. म्हणजे सड सुरू झाली होती ती तोडणीच्या दिवशी, माझ्याच हातून.

तेव्हापासून मी नखं कापूनच तोडणीला लागतो. फळ तळहातात धरून वर उचलायचं, हलकासा पीळ द्यायचा. देठ फळालाच राहिला पाहिजे. क्रेटमध्ये टाकायचं नाही, ठेवायचं. खाली पडलेलं, मुका मार बसलेलं, अळीनं पोखरलेलं फळ वेगळं काढून आधी खायचं. त्याच्यावर दया दाखवून ते साठ्यात घालू नका. क्रेट आधी घासून धुऊन, उन्हात वाळवून घ्या. फळं मात्र धुऊ नका. एका सडक्या फळाचे बीजाणू त्याच पाण्यातून सगळ्यांच्या जखमांत जातात.

तोडणी सकाळच्या गारव्यात करा आणि माल त्याच दिवशी थंड जागी हलवा. सफरचंदांना 0 ते 4 अंश सेल्सिअस, नाशपातीला शक्य तितकं 0 च्या जवळ. आर्द्रता 90 ते 95 टक्के हवी, नाहीतर साल सुरकुतते. फ्रीजमध्ये भोकं पाडलेली पिशवी पुरते. पण थंडीनं बुरशी मरत नाही, फक्त मंदावते. बोट्रायटिसची करडी बुरशी तर फळाला फळ टेकलं की पसरते, म्हणून प्रत्येक फळ कागदात गुंडाळा. वेळखाऊ काम आहे, पण मी ते कधीच टाळत नाही.

दर आठवड्याला क्रेट उघडा. कुबट वास आला की खालच्या थरापर्यंत जा, नासकं फळ काढा, त्याला टेकलेली फळं पुसून आधी वापरा. सडक्या फळांचा रस किंवा जॅम करू नका. त्यातलं पॅट्युलिन हे विष उकळूनही पूर्ण जात नाही.

नाशपाती टणक असतानाच तोडा. झाडावर पिकू दिली तर ती आतून मऊ पडते. खायच्या काही दिवस आधी थंडीतून बाहेर काढा आणि देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघा. तिथं किंचित दबली की खायला घ्या.