मराठी वाक्य, हिंदी सवय: भाषा आणि मेंदू यांविषयीचा पहिला प्रयोग कसा रचावा

भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करायचा म्हणजे आधी महागडे यंत्र हवे, अशी समजूत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये बरीच पसरलेली आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजा दाखवून दिली आणि १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी अस्खलित पण अर्थहीन बोलणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले, तेव्हा दोघांच्या हाती नेमके निरीक्षण सोडून फारसे काही नव्हते. त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईतील विद्यार्थ्याने पहिला प्रयोग घरच्या लॅपटॉपवर करण्यास काहीच हरकत नाही.

प्रश्न आपल्या आसपासचाच निवडावा. येथील मुले घरात मराठी बोलतात आणि सोसायटीच्या आवारात व लोकलमध्ये हिंदी. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी आहे, तर हिंदीत स्त्रीलिंगी. ‘दुकान’ या शब्दाचेही तसेच. उलट ‘पत्र’ आणि ‘घर’ हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी असले, तरी हिंदीत पुल्लिंगी आहेत. म्हणून ‘पुस्तक वाचली’ ही रचना मराठीत चूक असली तरी हिंदीच्या कानाला ओळखीची वाटते आणि ‘पत्र वाचली’ मात्र दोन्हीकडे खटकते. सतत हिंदी वापरणारा मराठी वाचक या दोन चुकांपाशी सारखाच अडखळतो का, हा प्रश्न पहिल्या प्रयोगासाठी पुरेसा आहे.

वाचक संगणकावर कळ दाबत एकेक शब्द वाचणार आणि प्रत्येक शब्दाला लागलेला वेळ आपण मोजणार, हे धरून आता वाक्ये रचावीत. खरी मेहनत येथेच आहे. ‘निखिलने काल दुपारी एक पुस्तक वाचले आणि मग तो बाजारात गेला’ हे वाक्य घेऊन त्याचे ‘वाचली’ असलेले दुसरे रूप तयार करावे. क्रियापदानंतरचा ‘आणि मग’ हा भाग मुद्दाम ठेवलेला आहे, कारण वाचकाचा वेग पुष्कळदा चुकीच्या शब्दावर मंदावत नाही, तर पुढच्या शब्दावर मंदावतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे त्यापुढे काहीच नसेल, तर तो परिणाम मोजताच येणार नाही. ‘एक’ हा शब्दही वगळू नये. ‘पुस्तके वाचली’ हे अनेकवचन शुद्ध असल्याने वाचकाचे मन तिकडे वळण्याची शक्यता असते, ती ‘एक’मुळे संपते, ‘ते’ लिहिल्यास मात्र लिंग आधीच उघड होते. ‘वाचले’ आणि ‘वाचलं’ यांपैकी एकच लेखनपद्धती सर्वत्र ठेवावी.

एकाच व्यक्तीला एका वाक्याची दोन्ही रूपे दाखवू नयेत. वाक्यांच्या दोन याद्या करून अर्ध्या वाचकांना एक आणि उरलेल्यांना दुसरी द्यावी. चाचणी कशाची आहे हे लक्षात येऊ नये म्हणून मधे भरपूर असंबद्ध शुद्ध वाक्ये पेरावीत आणि अधूनमधून अर्थावर एखादा सोपा प्रश्न विचारावा, नाहीतर लोक नुसती कळ दाबत सुटतात. सायकोपाय या मोफत प्रणालीत प्रत्येक कळीसरशी पुढचा शब्द दाखवून त्याला लागलेला वेळ मिलिसेकंदांत नोंदवता येतो.

सहभागी व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. अठरा वर्षांखालील असल्यास पालकांचीही घ्यावी. घरची बोली, शाळेचे माध्यम आणि दिवसभरातील हिंदीचा वापर यांची नोंद ठेवावी. येथे आगरी आणि कोळी बोली बोलणारी कुटुंबे बरीच आहेत. त्यांच्या बोलीला अशुद्ध ठरवून त्यांना वगळणे मला मुळीच मान्य नाही. मात्र त्यांच्या नोंदी वेगळ्या गटात तपासाव्यात.

पुढे प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास हीच वाक्ये ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या तपासणीत, वापरता येतात. ‘आईने आमटीला खिळ्यांची फोडणी दिली’ अशा अर्थाने विसंगत वाक्यात ‘खिळ्यांची’ या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ‘एन४००’ ही लहर ठळक होते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० मध्ये प्रथम नोंदवली. लिंगवचनाच्या चुकीला बहुधा ‘पी६००’ ही वेगळी लहर दिसते. एफएमआरआय ही मेंदूचे चित्रण करणारी पद्धत रक्तप्रवाहातील बदल मोजत असल्याने त्यात एवढा बारीक वेळ कळत नाही. ईईजीसाठी येणाऱ्याने डोक्याला तेल लावू नये, हे आदल्या दिवशीच सांगावे. आपल्याकडच्या दमट हवेत खोली थंड ठेवणेही गरजेचे असते, कारण घामाने नोंदी बिघडतात.

शिक्षणासाठी कलिना येथील मुंबई विद्यापीठाचा भाषाविज्ञान विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज हे जवळचे पर्याय आहेत. वाचादोषांकडे ओढा असल्यास वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहावी, तर आकलनविज्ञानाचे (कॉग्निटिव्ह सायन्स) स्वतंत्र शिक्षण आयआयटी कानपूर येथे मिळते. प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना या प्रयोगाच्या वाक्यांची यादी आणि कच्च्या नोंदी सोबत न्याव्यात.