टिपर-ट्रकची पीयूसी: या चुका टाळा

पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) झालं की पीयूसीचं (धूर मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राचं) कामही उरकलं, असं धरून चालणारे गाडीमालक बरेच भेटतात. फिटनेस वेगळं, पीयूसी वेगळी. नोंदणीला वर्ष झालं की पीयूसी लागतेच. बीएस-४ आणि बीएस-६ (धुराचे सरकारी निकष, आकडा मोठा तितका निकष कडक) गाडीला ती १२ महिने चालते, त्याआधीच्या गाडीला फक्त ६ महिने. जुना टिपर विकत घेणारे नेमके इथेच फसतात. प्रदूषणाची मर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवरही गदा येऊ शकते. म्हणजे मालकाच्या हलगर्जीपणात ड्रायव्हरची रोजीरोटी अडकते.

चाचणीला थंड गाडी नेऊ नका. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पूर्ण रेस देतात आणि स्मोक मीटर धुराची दाटी मोजतं. इंजिन थंड असेल तर डिझेल नीट जळत नाही, चांगली गाडीही नापास होते. इंजिन ऑइलचं तापमान निदान ६० अंश हवं, म्हणून खेप टाकून थेट केंद्रावर जा. धुराच्या दाटीची मर्यादा (प्रति मीटर) बीएस-४ ला १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५ आणि बीएस-६ ला ०.७ आहे.

नापास झालात तर गाडी न बघता कागद देणारा शोधू नका. आधी एअर फिल्टर उघडा. क्रशरवर, खाणीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने लवकर चोंदतो आणि काळा धूर येतो. त्यानंतर इंजिनला डिझेल देणारे नोजल आणि पंप तपासा. जुन्या गाड्यांत ओढ वाढावी म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं असतं. तसं असेल तर फिल्टर बदलून काही होणार नाही, पंप कॅलिब्रेट करून, म्हणजे डिझेलचं माप पुन्हा नीट लावून घ्यावा लागेल. निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल जळतंय, तिथे टर्बो आणि रिंग बघा.

सगळ्यात वाईट चूक युरियाची, म्हणजे डीईएफची. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड हे घातक वायू कमी करायला हा द्रव धुरात फवारला जातो. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिजं काढून टाकलेलं पाणी असतं. शेतातला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतला, तर क्षार साचून तो फवारणारं डोझिंगचं नोजल बंद पडतं आणि धूर साफ करणारा महागडा कॅटॅलिस्ट निकामी होतो. काहीजण त्याहून पुढे जाऊन ही यंत्रणाच बायपास करतात आणि "पीयूसीत पास होते ना?" म्हणतात. होते, कारण स्मोक मीटर काजळी बघतं, नायट्रोजनचे ऑक्साइड त्याला दिसत नाहीत. पण ते फुप्फुसात जातात. साइटवर गाडीमागे उभं राहून माल उतरवून घेणाऱ्या मजुराच्या छातीत ते सर्वात आधी जातात. हे कुणीही करू नये, आणि ड्रायव्हरने असं करायला सांगणाऱ्याला साफ नाही म्हणावं.

दिवसभर साइटवर उभ्या उभ्या इंजिन चालू राहणाऱ्या बीएस-६ टिपरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो. डॅशबोर्डवर दिवा लागला की रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) पूर्ण होऊ द्या, मध्येच चावी बंद करू नका. त्या वेळी सायलेन्सर प्रचंड तापतो, म्हणून गाडी वाळलेल्या गवतापासून आणि डिझेलच्या बॅरलपासून लांब उभी करा.