एआय सहायकाला खात्यात शिरू देताना या चुका टाळा

अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे माझे एक परिचित कारखानदार आहेत. ई-वे बिलांची, म्हणजे मालवाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढाव्या लागणाऱ्या जीएसटीच्या बिलांची, रोजची कटकट कमी व्हावी म्हणून त्यांनी ब्राउझर चालवू शकणारा एक एआय सहायक घेतला आणि पहिल्याच दिवशी संवादाच्या चौकटीत पोर्टलचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड लिहून मोकळे झाले. काम चोख झाले. दोन दिवसांनी गोदाम सांभाळणाऱ्या मुलाने एका पत्राचा मसुदा करून घेण्यासाठी कार्यालयाचे तेच सामाईक खाते उघडले, तेव्हा जुन्या संवादात तो पासवर्ड जसाच्या तसा समोर होता. मुलगा प्रामाणिक निघाला, हे त्यांचे नशीब. दार उघडून देण्याऐवजी त्यांनी किल्लीच हातात ठेवली होती, आणि नाशिकमधल्या लहान कार्यालयांत मला दिसणाऱ्या बहुतेक चुका या एकाच चुकीची भावंडे आहेत.

पासवर्ड संवादात लिहिणे

संवादात लिहिलेला मजकूर इतिहासात साठतो, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि काही सेवांमध्ये सेटिंग बदलले नसेल तर एआयच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो, एवढे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. याहून मोठा धोका मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरणारे ॲप, पासवर्ड भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता नोंदीशी जुळतो का, हे पाहतो. एका अक्षराचा फरक असलेल्या बनावट पानावर तो काहीच भरत नाही. तोच पासवर्ड सहायकाकडे साधा मजकूर म्हणून दिला की ही तपासणी संपते, आणि शोधताना वर आलेल्या जाहिरातीवरून तो बनावट पानावर पोहोचला तर तिथेही तो पासवर्ड इमानेइतबारे टाइप करू शकतो.

योग्य रीत अशी की, सहायकाने लॉगिनच्या पानापर्यंत जावे आणि थांबावे. पत्ता तुम्ही वाचावा, लॉगिन तुम्ही करावे आणि मग पुढचे काम त्याच्याकडे द्यावे. ओपनएआयने जानेवारी २०२५ मध्ये आणलेल्या ऑपरेटरमध्ये ब्राउझरचा असा ताबा घेण्याची सोय होती आणि त्या वेळात पडद्याची छायाचित्रे घेतली जात नाहीत, असे कंपनीने सांगितले होते. वनपासवर्ड या पासवर्ड मॅनेजरने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच्या पुढची पायरी आणली : माणसाने मंजुरी दिल्यावर पासवर्ड थेट ब्राउझरमध्ये भरला जातो, सहायकामागच्या एआय मॉडेलला तो दिसतच नाही. तुमच्या सहायकात यांपैकी काहीच नसेल, तर लॉगिन लागणारी कामे त्याला न सांगणेच बरे.

बँकेच्या बाबतीत तर येथे तडजोड नकोच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या निष्काळजीपणाने व्यवहाराची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली आणि त्यातून नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. हा दुसरा म्हणजे माणूस नसून संगणकप्रणाली होती, या युक्तिवादाच्या भरवशावर कोणी राहू नये.

मालकाच्याच खात्यातून सगळे करून घेणे

ई-वे बिल पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्व करदात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची आहे, त्यामुळे ‘ओटीपी सारखा साहेबांच्या फोनवर येतो’ ही तक्रार मी सातपूरपासून सिन्नरपर्यंत ऐकतो. त्यावर अनेक जण साहेबांचा फोनच कार्यालयात ठेवून देतात! वास्तविक त्या पोर्टलवर मुख्य खात्याखाली उपवापरकर्ते तयार करून त्यांना मोजकेच अधिकार देता येतात. बिले तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या उपवापरकर्ता खात्यातून, स्वतःच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने लॉगिन करावे आणि सहायकाची मदत तेवढ्याच चौकटीत घ्यावी. स्वयंचलित साधनांबाबत पोर्टलच्या अटी काय म्हणतात, हेही आधी वाचून घ्यावे.

ज्या सेवांमध्ये ‘गूगलने साइन इन करा’ अशा प्रकारची जोडणी मिळते, तिथे पासवर्ड देण्याचा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओऑथ २.० या मानकाचा गाभाच हा आहे की, पासवर्ड मूळ सेवेलाच दिला जातो आणि बाहेरच्या साधनाला मर्यादित अधिकारांचे टोकन, म्हणजे एक प्रकारचा डिजिटल परवाना मिळतो, जो पुढे रद्द करता येतो. पण ही मर्यादा परवानगीच्या पानावर ठरते, आणि ते पान कोणी वाचत नाही. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्ष निर्यातदाराला कंटेनर भरण्याच्या तारखांची आठवण एवढेच हवे असेल, तर कॅलेंडर पाहण्याची परवानगी पुरेशी आहे. मेल वाचण्याची, पाठवण्याची आणि कायमची हटवण्याची परवानगी मागणाऱ्या साधनाला तिथल्या तिथे नकार द्यावा. जीमेलचा सोळा अक्षरी ॲप पासवर्ड (बाहेरच्या ॲपसाठी काढलेला वेगळा पासवर्ड) काढून देण्याचा सल्लाही मी कोणाला देणार नाही, कारण तो दुसऱ्या टप्प्याची पडताळणी ओलांडून जातो.

ओटीपीसाठी मेल उघडी ठेवणे

ही सर्वांत महागात पडू शकणारी चूक आहे. ज्याला तुमची मेल वाचता येते, त्याला ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावरून तुमची जवळपास सगळी खाती उघडता येतात. शिवाय सहायक जे पान वाचतो, त्या पानावरचा मजकूर आणि तुमची सूचना यांतला फरक त्याला दर वेळी कळेलच असे नाही. ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या, सहायक अंगभूत असलेल्या कॉमेट ब्राउझरवर याचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध केले. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका प्रतिक्रियेत सूचना दडवल्या होत्या. वापरकर्त्याने केवळ पानाचा सारांश मागितला, आणि सहायकाने त्याच्या पर्प्लेक्सिटी खात्याचा ईमेल पत्ता शोधला, ओटीपी मागवला, आधीच उघड्या असलेल्या जीमेलमधून तो वाचला आणि दोन्ही गोष्टी त्या प्रतिक्रियेखाली लिहून टाकल्या. पासवर्ड कोणी मागितलाही नव्हता.

म्हणून सहायकासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल ठेवावे आणि त्यात मुख्य मेल, बँक व डिजिलॉकर कधीच उघडू नयेत. ओटीपी माणसानेच टाकावा. पैसे पाठवणे, विवरणपत्र सादर करणे, काही कायमचे हटवणे यांपूर्वी सहायकाने थांबून विचारलेच पाहिजे, असे सेटिंग असल्यास ते बंद करू नये. दर वेळी ‘हो’ म्हणण्याचा कंटाळा येतो, हे खरे असले तरी.

लॉगिन अडले तर

‘अनोळखी ठिकाणाहून लॉगिन’ असा इशारा आला आणि त्यात परदेशातले शहर दिसले, तर आधी सहायक कुठे चालतो ते पाहावे. त्याचा ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर तुम्ही गंगापूर रोडवर बसलेले असलात तरी संकेतस्थळाला त्या सर्व्हरचेच ठिकाण दिसते. वेळ जुळत नसेल किंवा त्या वेळी तुम्ही काही करत नसाल, तर मात्र ते चोराचेच पाऊल समजावे. पासकीबद्दलही, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलुपाने लॉगिन करण्याच्या सोयीबद्दलही, अशीच तक्रार येते. फोनमधली पासकी दुसऱ्या उपकरणावर वापरताना ब्लूटूथने दोन्ही उपकरणे जवळ असल्याची खात्री केली जाते; दूरच्या सर्व्हरवरील ब्राउझर ती अट पुरी करू शकत नाही. अशा वेळी पासकी काढून टाकून साध्या पासवर्डवर परतणे हा उपाय नव्हे. तुमच्याच संगणकावर चालणारा सहायक वापरावा किंवा ते काम हाताने करावे. लॉगिनसाठी कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड साधारणपणे ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून तो ‘चुकीचा’ ठरल्यास फोनचे घड्याळ आपोआप जुळते आहे ना ते तपासावे. आणि पासवर्ड दोनदा नाकारला गेल्यावर सहायकाला ‘पुन्हा प्रयत्न कर’ असे सांगत बसू नये. खाते कुलूपबंद होण्याचा तो राजमार्ग आहे.

काम संपल्यावर खिडकी बंद करून निघून जाणे

खिडकी बंद केली म्हणजे लॉगिन संपले असे नाही. सत्राची कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची खूण, सहायकाच्या ब्राउझरमध्ये राहू शकते, आणि पासवर्ड बदलला तरी आधी दिलेले टोकन रद्द होतेच असेही नाही. त्यामुळे संवादात पासवर्ड गेलाच असेल, तर स्वतःच्या संगणकावरून पासवर्ड बदलून सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे, मग खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन बाहेरच्या साधनांच्या जोडण्या तोडाव्यात, आणि सहायकाच्या सेटिंगमध्ये ब्राउझरचा साठा पुसून तो संवाद हटवावा. नुसता संवाद हटवून थांबणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. खात्यातून पैसे गेले असतील, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.