मंडळाच्या भांड्यांशेजारी अवजारांचं कपाट

मे महिना संपत आला की खानापूरकडच्या गावांत कौलं परतायची घाई सुरू होते. घरं शंभर, उंच शिड्या मात्र दोन-तीन. बेळगावात शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला चार भोकं पाडायची असली तरी हीच गत. ड्रिल शेजारी असतं, पण दर वेळी मागायला जीव कचरतो. तेच ड्रिल गल्लीचं झालं, तर वहीत सही करायची आणि न्यायचं.

यात आपल्याला नवीन काही नाही. लग्नकार्याला मंडळाची भांडी आपण नेतोच, शेतात पैरा करतो, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला जातो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. नेलेलं परत आणून द्यायची सवय या शहराला पावणेदोनशे वर्षांची आहे. अमेरिकेतल्या बर्कली गावच्या सार्वजनिक वाचनालयानं १९७९ पासून पुस्तकांच्या जोडीनं अवजारंही द्यायला घेतली. आपणही असं एक कपाट उभं करू शकतो.

आधी दोन रविवार घरोघरी फिरा. दोनच प्रश्न विचारा: घरात कुठलं अवजार पडून आहे, आणि गेल्या वर्षी काय मागून किंवा भाड्यानं आणावं लागलं? दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की काय विकत घ्यायचं ते आपोआप कळतं. शिडी, ड्रिल, पान्हे, करवत, पहार, घमेली, लांब वायरचा बोर्ड एवढ्यावर सुरुवात होते. बरंचसं लोक आपणहून देतात.

जागा कोरडी हवी. मंडळाची खोली किंवा देवळाची ओवरी चालेल, पण ओल येणारी भिंत नको. फळीवर खिळे ठोका आणि प्रत्येक अवजाराच्या मागे त्याचा आकार रंगानं काढा. संध्याकाळी नुसती नजर टाकली तरी कुठली जागा रिकामी आहे ते दिसतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात आयुष्य काढलेला एखादा निवृत्त फिटर गल्लीत असेलच. हे काम त्यांच्याकडे द्या, त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

प्रत्येक अवजारावर क्रमांक घाला. नाव आणि नियम मराठीत लिहा, कन्नडमध्येही लिहा. शेजारचा कन्नड बोलणारा माणूसही तितक्याच हक्कानं आला पाहिजे. वर्षाला शंभर रुपये वर्गणी, महागड्या मशीनला थोडी अनामत आणि सात दिवसांची मुदत, एवढं सुरुवातीला पुरे.

खरी कसोटी परत घेताना लागते. माझ्या मते असं कपाट बंद पडतं ते पैशांअभावी नाही, तर परत आलेली वस्तू न बघता ठेवल्यामुळे. लोखंड कापायचा-घासायचा ग्राइंडर आला की आणणाऱ्यासमोरच वायर बोटांखालून फिरवून बघा, कुठं सोललीय का. चकतीला चीर किंवा टवका दिसला की ती लगेच मोडून टाका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो, तडकलेली चकती त्या वेगात फुटते. चकतीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढून आणलेलं मशीन, गार्ड परत बसवल्याशिवाय पुढच्या माणसाला देऊ नका. चष्मा मशीनबरोबरच द्या. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला लावायची नाही, हे दर वेळी तोंडी सांगा. सांगून कंटाळा आला तरी सांगा.

फवारणीच्या पंपाबाबत एक पथ्य पाळा. तणनाशकाचा पंप वेगळा, कीटकनाशकाचा वेगळा. दोन्हींवर ठळक रंग लावा. तणनाशकाचा थोडासा अंश राहिला तरी दुसऱ्याचं उभं पीक करपतं, आणि मग सगळ्या कपाटावरचा विश्वास उडतो.

काम जमलं की सात जण मिळून कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करता येते. बँकेत खातं काढायला आणि देणगी घ्यायला ती उपयोगी पडते. पण पहिलं वर्षभर वहीवरच चालवा.

नुकतंच वायरिंगचं काम शिकलेल्या पोराला पहिलं गिऱ्हाईक मिळतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं ड्रिल नसतं. त्याला दोन दिवस जास्त देता आले तर जरूर द्या.

जून लागायच्या आत लोखंडी अवजारांना तेलाचा हात फिरवा, नाहीतर खानापूरच्या पावसात आठवड्यात गंज धरतो. आणि गणपतीच्या तोंडावर सगळ्याच मंडळांना शिड्या एकदम लागतात, म्हणून त्या पंधरवड्याच्या तारखा महिनाभर आधीच वहीत मांडून ठेवा.