थांबलेली फियाट पुन्हा चालवताना: मूळ भाग वाचवून करायचं काम

दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या फियाट ११००ला नवी बॅटरी जोडून लगेच चावी फिरवू नका. सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असतो, पिस्टनच्या रिंग चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिच्यात, अडकलेला असतो. अशात स्टार्टरने जोर लावला की पुशरॉड वाकतो किंवा रिंग तुटते. तोपर्यंत धड असलेला मूळ भाग आपल्याच हातून जातो.

आधी चारही प्लग काढा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक भोकात साधारण १० मिली सोडा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. मग रॉकर कव्हर उघडा, रॉकरवर तेल सोडा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन सावकाश फिरवा. पुलीचे दोन पूर्ण फेरे म्हणजे एक चक्र. तेवढ्यात आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर आलेले दिसले पाहिजेत. एखादा खालीच राहिला तर तिथेच थांबा, त्याच्या गाइडमध्ये तेल मुरू द्या. इंजिन अजिबात हललं नाही तर पुन्हा तेल सोडून आठवडाभर वाट पाहा. गियरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच, तो ऐकू नका.

तरीही नाही सुटलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावं लागेल. हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा, त्यामुळे स्टड गंजून हेडला धरून बसतात. नट थंड इंजिनवर, बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की गॅस्केटच्या जागेवर ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढे पाणी झिरपतं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ६८ मिलिमीटरचा. वर, मध्ये आणि खाली मापून झीज कमी असेल तर होनिंग (आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगवर भागवा. रीबोअर, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा करणं, हा शेवटचा उपाय, कारण एकदा वाढलेला बोअर परत येत नाही.

सर्वांत जास्त वेळ पेट्रोलच्या बाजूला द्या. जुनं पेट्रोल आटून डिंकासारखं होतं, टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा साठतो. टाकी उतरवून रिकामी करा, पण तिला वेल्डिंगची ज्योत लावू नका. आत राहिलेल्या वाफेनेही स्फोट होतो. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व या प्रमाणात द्रावण भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच ब्लोअरने सुकवून आत पातळ तेल फिरवा. तासभर जरी ओली राहिली तरी पुन्हा तांबूस होते. हेच द्रावण कार्बोरेटरला किंवा दाराच्या ओतीव हँडलला लावू नका. या भागांत जस्त असतं आणि आम्ल ते खातं. स्प्रिंगही द्रावणात बुडवू नका, ठिसूळ होतात.

सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावरचा) आकडा ढोबळमानाने भोकाचा व्यास सांगतो, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेने टोचलं की भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल का पिते याचा शोध महिनोन्‌महिने चालतो. जेट भिजवून हवेनेच साफ करा. फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा, पितळी असेल तर गरम पाण्यात दाबून धरा, भोक असेल तिथून बुडबुडे येतात. डाग देताना शिसं कमीत कमी वापरा, नाहीतर फ्लोट जड होऊन पेट्रोलची पातळी वाढते. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुना रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम त्यात फुगतो, म्हणून पाइप आणि डायफ्राम इथेनॉल सोसणारेच घ्या. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

ब्रेकचं रबर सरसकट नवं घाला. व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडले असतील तर ते फेकू नका. नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत चांगला टर्नर गाठून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणता येतात.

रेडिएटर पितळ-तांब्याचा आहे, तो ॲल्युमिनियमच्या तयार रेडिएटरने बदलायची घाई नको. गळती डागून थांबते. ज्या शहरात तांबटांच्या हातची भांडी नावाजली, तिथे पितळेची जाण असलेला कारागीर शोधावाच. आत बोअरवेलचं जड पाणी मात्र घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

क्रोमचे भाग देण्याआधी मोजा आणि फोटो काढा. प्लेटिंगवाल्याला सांगा: अक्षरं आणि कडा बफने घासायच्या नाहीत. झिजलेली कडा क्रोमने परत येत नाही.

रंगाआधी डॅशखाली आणि डिकीच्या आतल्या कोपऱ्यात मूळ रंगाचा तुकडा शोधा. पत्रा उघडा केला तर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. नाशिकच्या पावसात रात्रीत तांबूस थर चढतो. चासी आणि इंजिन नंबरवर ग्राइंडर फिरवायचा नाही, पुन्हा पंच करायचा नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच टिकवा.

आता चावी. प्लग बाहेरच ठेवून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा. मग प्लग लावा, तारा १-३-४-२ या क्रमाने जोडा आणि चालू करा. पहिली २० मिनिटं शेजारीच उभं राहून तापमान आणि गळती पाहा. सुमारे १०० किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. तोवर जुना गाळ सुटून ऑइलमध्ये आलेला असतो.